जवळचं माणूस एखाद्या कल्टच्या नादी लागलंय असं वाटतंय? सुरुवात कुठून करायची

तुमचा भाऊ, बहीण, मैत्रीण, मुलगा, जे कुणी असेल ते, गेल्या काही महिन्यांत एकदम बदललंय. नवा ग्रुप, नवे गुरुजी किंवा सर किंवा कोच, तोंडात सारखी तीच तीच वाक्यं, जुन्या दोस्तांचे फोन उचलत नाही, घरात कुणी काही विचारलं की एकतर अंगावर येतं नाहीतर गप्प बसतं, आणि तुम्ही रात्री जागून त्या गुरूचे व्हिडिओ बघताय, त्यातली खोटी विधानं शोधताय, स्क्रीनशॉट जमवताय, की उद्या हे सगळं समोर टाकलं की डोळे उघडतील. नाही उघडणार. बहुतेक घरं इथूनच सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा ते उलटतं, म्हणून हा लेख लिहितोय.

माणसं अशा ग्रुपमध्ये जातात ती तिथली माणसं आवडली म्हणून. तत्त्वज्ञान, भविष्यवाण्या, आपणच निवडलेले आहोत वगैरे हे मागाहून मुरतं. आणि ती टिकतात कारण तोपर्यंत बाहेर पडायची किंमत फार मोठी झालेली असते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की काय करायचं आणि काय अजिबात नाही हे बरंचसं आपोआप कळत जातं.

पायरी १: आधी नीट बघा, लेबल नंतर लावा

कल्ट म्हणजे आतल्या माणसाचं आयुष्य ताब्यात घेणारा ग्रुप, नुसती विचित्र श्रद्धा म्हणजे कल्ट नाही. कुणी पहाटे उठून काहीतरी जप करतंय, मांसाहार सोडलाय, परग्रहावरच्या लोकांवर विश्वास ठेवतंय, एवढ्यावरून काही ठरत नाही. आणि उलट बाजूनं, देवाधर्माचा काही संबंध नाही म्हणून तो ग्रुप निर्धोक आहे असंही नाही. अमेरिकेतली नेक्सियम ही संस्था लोकांना स्वतःची प्रगती करायचे कोर्स विकायची, यशस्वी, पैसेवाले लोक त्यात होते, आणि २०२० साली तिच्या प्रमुखाला, कीथ रनेरीला, लैंगिक शोषणासाठी माणसांची तस्करी, सक्तीची मजुरी अशा गुन्ह्यांसाठी १२० वर्षांची शिक्षा झाली. बिझनेस ट्रेनिंग, थेरपी ग्रुप, राजकीय गट, कुठंही हे होऊ शकतं.

मग बघायचं काय? ते लोक काय मानतात ते सोडा, आतल्या माणसाशी कसं वागतात ते बघा. प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं की प्रश्न विचारणाऱ्यातच खोट काढली जाते? पैशाचा हिशेब कुणी मागू शकतं का? जे नियम सगळ्यांना आहेत ते वरच्या माणसाला आहेत का? झोप, जेवण, फोन, लग्न, नोकरी यातलं काय काय ग्रुप ठरवतो? आणि आत नेमकं काय आहे हे सुरुवातीलाच सांगितलं होतं की 'अजून तुझी तयारी नाही' म्हणत टप्प्याटप्प्यानं उघडतात?

सगळ्यात जास्त सांगून जाणारा प्रश्न मात्र एकच, जे सोडून गेले त्यांच्याबद्दल आत काय बोलतात. साध्या क्लबातून, मंडळातून, ऑफिसातून माणूस गेला तर लोक म्हणतात बरं, भेटत जा. जिथं सोडून गेलेला प्रत्येक जण गद्दार, आजारी, पापी किंवा विकला गेलेला असतो, एकही माणूस साध्या कारणानं गेलेला नसतो, तिथं पाणी मुरतंय हे समजून चाला.

रॉबर्ट जे लिफ्टन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात चीनमधल्या कम्युनिस्ट सरकारच्या 'विचारसुधारणा', म्हणजे दबाव टाकून लोकांची मतं बदलायच्या, मोहिमेतून बाहेर आलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यातून मनाचा ताबा घेणाऱ्या वातावरणाच्या आठ खुणा मांडल्या, आजही या विषयात काम करणारे लोक त्या वापरतात. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ठरलेली वाक्यं. शंका आली की लगेच तोंडात एक तयार वाक्य येतं, 'हा तुझा अहंकार बोलतोय', 'सगळं कारणासाठीच घडतं', आणि विचार तिथंच थांबतो. तुमच्या माणसाच्या बोलण्यात अशी वाक्यं ऐका. ती खोडायच्या मागे लागू नका, नुसती लक्षात ठेवा, कारण ज्या विषयावर ते वाक्य आडवं येतं तिथंच बहुधा आत कुठंतरी शंका असते.

पायरी २: ते माणूस मूर्ख नाही हे आधी स्वतःला पटवा

हे नुसतं चांगुलपणा म्हणून नाही सांगत. तुमच्या मनात 'इतका शिकलेला आणि इतका बावळट कसा' हे असेल तर ते चेहऱ्यावर दिसतं, आणि मग पुढचं काहीच जमत नाही.

जपानमधल्या ओम शिनरिक्यो या पंथानं २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला. तो सोडणाऱ्यांमध्ये एक हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, फिजिक्स शिकलेले लोक होते. बुद्धी कमी पडली असं म्हणायला तिथं जागाच नाही. अमेरिकेतल्या पीपल्स टेम्पलची सुरुवात १९५० च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये झाली तेव्हा गोरे आणि काळे एकत्र बसतील असं ते चर्च होतं, गरिबांना जेवण, म्हाताऱ्यांची काळजी, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पुढं १९७८ मध्ये याच चर्चच्या जोन्सटाऊन या वस्तीत जे शेकडो जण मेले त्यातले कितीतरी जण चांगलं जग बनवायला गेले होते. मला वाटतं हे विसरलं की आपण त्या माणसांवर अन्याय करतो.

आत ओढायची प्रोसेस साधारण अशी असते. माणूस आयुष्याच्या एखाद्या मोकळ्या जागी उभा असतो, कुणीतरी गेलेलं असतं, नातं तुटलेलं असतं, नवीन शहर, नवीन नोकरी, नाहीतर नुसताच एकटेपणा. तेवढ्यात कुणीतरी भेटतं जे खूप मन लावून ऐकतं. मग एकाच्या ओळखीनं दहा जण, सगळे नाव लक्षात ठेवतात, मेसेज करतात, कौतुक करतात, याला लव्ह बॉम्बिंग म्हणतात आणि ते करणाऱ्या बऱ्याच जणांना आपण काही डाव टाकतोय असं वाटतही नसतं, त्यांनाही कुणीतरी असंच आणलेलं असतं.

मग छोटी मागणी येते. १९६६ मध्ये जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला, घराच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भला मोठा बेढब बोर्ड लावू द्याल का असं विचारलं तर १७ टक्केच लोक हो म्हणाले, पण ज्यांनी दोनेक आठवडे आधी त्याच विषयाचं एक छोटं स्टिकरवजा पत्रक लावायला होकार दिला होता त्यांच्यातले ७६ टक्के हो म्हणाले. बोट दिलं की हात जातो तो असा, कुणी ओढून नेत नाही, आपणच आपल्या आधीच्या 'हो'ला जागत जातो. आज एक संध्याकाळ, मग वीकेंड, मग महिना, मग पगार.

आणि जितकं सोसलं तितकं ते मोलाचं वाटायला लागतं. एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ मध्ये दाखवलं की ज्यांना ग्रुपमध्ये यायला लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली त्यांना त्या ग्रुपची अत्यंत रटाळ चर्चासुद्धा इतरांपेक्षा चांगली वाटली. म्हणजे 'एवढं घर, पैसा, वर्षं घालवून अजून कळत नाही का' हा तुमचा प्रश्न उलटा आहे. एवढं घातलंय म्हणूनच कळून घ्यायला इतका त्रास होतो.

भविष्यवाणी खोटी ठरली की तरी लोक सुटत असतील ना? काही सुटतात, हे खरं आहे आणि ते विसरू नका. २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त परत येणार म्हणून अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाचे हजारो अनुयायी वाट बघत होते, काहीच झालं नाही, कितीतरी लोक सोडून गेले, पण काहींनी तारखेचा नवा अर्थ लावला आणि पुढं चालू लागले. अमेरिकेतल्याच हेवन्स गेट या पंथात तर हे अजून स्पष्ट दिसतं. आपण जिवंतपणी, याच शरीरासकट अंतराळयानात जाणार असं ते सुरुवातीला सांगायचे. मग १९८५ मध्ये दोन संस्थापकांपैकी एक, बॉनी नेटल्स, कॅन्सरनं गेली, आणि यान काही आलं नाही. तिथं सगळं कोसळायला हवं होतं. त्याऐवजी शिकवण बदलली, शरीर हे फक्त वाहन आहे, ते इथंच टाकून जायचं. १९९७ च्या मार्चमध्ये ३९ जणांनी आत्महत्या केली ती याच बदललेल्या शिकवणीवर. म्हणून तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा समोर ठेवलात तरी शिकवण त्याला वळसा घालून जाऊ शकते.

पायरी ३: वाद बंद करा

ग्रुपनं आधीच सांगून ठेवलेलं असतं की घरचे विरोध करतील, चिडतील, तुला समजून घेणार नाहीत. तुम्ही चिडलात की गुरूची एक भविष्यवाणी खरी ठरली. एवढं फुकटचं बळ त्याला का द्यायचं?

बंद करायच्या गोष्टी सरळ सांगतो. त्याच्यासमोर 'कल्ट', 'ब्रेनवॉश', 'ढोंगी' हे शब्द वापरू नका. सगळ्या नातेवाइकांनी एकत्र बसवून समजावायचा कार्यक्रम करू नका. 'आम्ही की ते' असं निवडायला लावू नका, कारण आज निवडायला लावलं तर तो त्यांनाच निवडेल, आणि मग परत यायला त्याला आपला शब्द मोडावा लागेल.

आणि पळवून आणून कोंडून ठेवायचा तर विचारही नको. १९७० च्या दशकात अमेरिकेत हे भरपूर झालं, डीप्रोग्रॅमिंग म्हणायचे त्याला, आईबाप पैसे देऊन माणसं लावायचे, ती माणसं मोठ्या झालेल्या पोराला उचलून खोलीत कोंडून दिवसचे दिवस वाद घालायची. त्यातून कोर्टकचेऱ्या झाल्या, शिक्षा झाल्या, काही पोरं पळून थेट ग्रुपमध्ये परत गेली आणि आईबापांवरचा विश्वास कायमचा गेला. शिवाय दुसऱ्याच्या डोक्याचा ताबा घेऊन त्याला मोकळं करता येतं हे मला मुळातच पटत नाही.

मग बोलायचं काय? प्रश्न विचारायचे, खरे प्रश्न, ज्यांचं उत्तर तुम्हाला ऐकायचं आहे. 'तुला तिथं सगळ्यात जास्त काय आवडतं?' इथून सुरू करा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका, कारण त्या उत्तरात त्याला काय कमी पडत होतं ते असतं. नंतर कधीतरी, त्याच दिवशी नाही, 'तुला एखादी गोष्ट नाही पटली तर तू कुणाला सांगतोस?' किंवा 'सुरुवातीला तुला जे सांगितलं होतं आणि आता जे आहे त्यात काही फरक पडलाय का?' किंवा 'कशानं तुझं मत बदलेल?' एका भेटीत एक प्रश्न पुरे. त्यानं उत्तर दिलं की जिंकल्यासारखा चेहरा करू नका, 'बघ, मी म्हणत नव्हतो' तर अजिबात नको, विषय सोडून द्या. तो प्रश्न त्याच्याबरोबर जातो आणि रात्री एकटा असताना काम करतो.

एक अजून, त्याच्या शंकेला तुम्ही नाव देऊ नका. तो म्हणाला 'तिथं हल्ली जरा थकायला होतं', तर 'थकणारच, राबवून घेतायत ते' असं म्हटलंत की तो लगेच त्यांची बाजू घेईल. 'हो का, झोप होतेय ना नीट?' एवढंच म्हणा, पुढचं त्याला बोलू द्या.

पायरी ४: तुम्ही तो बाहेरचा एक माणूस व्हा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सॉलोमन अॅश यांचा १९५१ चा रेषांचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, समोरच्यातली कुठली रेष दिलेल्या रेषेएवढी आहे ते सांगायचं, खोलीत सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि खरा माणूस एकटाच, समोर धडधडीत दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा लोक ग्रुपबरोबर चुकीचं बोलले. पण त्याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. खोलीत फक्त एका माणसानं बरोबर उत्तर दिलं की ते चुकीबरोबर जाणं झपाट्यानं खाली आलं. सगळ्या खोलीचं मत बदलायची गरज पडली नाही, एक जण पुरला.

जोन्सटाऊनमध्ये हेच दिसतं, आणि ते वाचताना जीव तुटतो. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात वस्ती, पत्रं तपासली जायची, पासपोर्ट काढून घेतलेले, सामूहिक आत्महत्येच्या रंगीत तालमी झालेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सगळे एकाच विचारानं भारलेले. १७ नोव्हेंबर १९७८ ला अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन पत्रकारांना घेऊन तिथं गेले, आणि त्याच रात्री कुणीतरी गुपचूप चिठ्ठी सरकवली की आम्हाला इथून न्या. दुसऱ्या दिवशी पंधराएक जण त्यांच्याबरोबर निघाले. बाहेरचा एक माणूस समोर उभा राहिला आणि ज्या शंका कुणी शेजाऱ्यालाही सांगितल्या नव्हत्या त्या बाहेर आल्या. विमानतळावर पंथाच्याच लोकांनी रायन आणि आणखी चौघांना गोळ्या घालून मारलं आणि त्याच दिवशी वस्तीत ९०० हून जास्त लोक मेले, त्यात साधारण तीनशे मुलं होती, आणि ज्या लहान मुलांना विष दिलं गेलं त्यांच्या बाबतीत आत्महत्या हा शब्द मी वापरणार नाही.

तर तुमचं काम म्हणजे संपर्क तुटू न देणं. ठरलेल्या दिवशी फोन, पाच मिनिटांचा का होईना. बोलायचं ते साधं, घरातल्या कुत्र्याचं, जुन्या मित्राच्या लग्नाचं, पावसाचं, त्याला आवडायच्या मॅचचं. त्याची जुनी ओळख जिवंत ठेवायची, तो पूर्वी काय वाजवायचा, काय वाचायचा, कशावर हसायचा. त्यानं फोन उचलला नाही तर तक्रारीचा मेसेज नको, 'ठीक आहे, पुढच्या रविवारी करतो' एवढंच. आणि हे स्पष्ट शब्दांत एकदा सांगून ठेवा, की तू कधीही ये, रात्री दोनला ये, मी एकही प्रश्न विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका.

पैशाचं काय? रोख देऊ नका, ते बहुधा पुढं जातं. डॉक्टरचं बिल, घरी यायचं तिकीट, चष्मा, अशा गोष्टी थेट करा.

हे सगळं महिनोन्महिने चालतं, वर्षंही लागतात, आणि यात तुम्ही संपून जाल अशी भीती असते. घरातल्या दोघातिघांनी वाटून घ्या, आणि जो सगळ्यात लवकर चिडतो त्यानं फोन करू नये. धीर द्यायला एक गोष्ट सांगतो, आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी युनिफिकेशन चर्च या पंथाचा, ज्याच्या लोकांना मूनी म्हणायचे, अभ्यास केला तेव्हा दिसलं की निवासी वर्कशॉपला गेलेल्यांपैकी दहातले नऊ जण सामील झालेच नाहीत आणि जे झाले त्यातले बहुतेक दोनेक वर्षांत स्वतःहून बाहेर पडले. कुणी उचलून आणलं म्हणून नाही, आपल्या पायांनी.

थांबायचं नाही अशा वेळा

वरचं सगळं सबुरीचं काम आहे, पण काही गोष्टींना सबुरी नाही. चालू औषधं बंद करायला लावली, मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती, लहान मुलांना शाळेतून काढलं किंवा आईबापांपासून तोडलं, ओळखपत्रं काढून घेतली, घर जमीन नावावर करून घेतायत, किंवा मरणाबद्दल, 'पुढं जाण्याबद्दल', शेवटच्या तारखेबद्दल बोलणं सुरू झालं, तर पोलीस, वकील, डॉक्टर, मुलांसाठीची यंत्रणा, जे लागेल ते लगेच. तक्रार लिहिताना 'हा कल्ट आहे' असं लिहू नका, बहुतेक देशांत नुसता असा ग्रुप असणं गुन्हा नाही. फ्रान्समध्येही ग्रुप असणं गुन्हा नाही, पण तिथं २००१ च्या कायद्यानं मानसिकरीत्या ताब्यात घेतलेल्या माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेणं गुन्हा ठरवलंय. तक्रारीत कृत्य लिहा, कुणी, कधी, काय केलं, किती पैसे, कुठल्या खात्यात. म्हणून पहिल्यापासून तारखेसकट नोंदी ठेवा. जमवलेले स्क्रीनशॉट इथं कामाला येतात, तुमच्या माणसाला दाखवायला नाही.

बाहेर पडल्यावर

लोकांना वाटतं परत आला, संपलं. अवघड भाग इथं सुरू होतो. त्यानं एकाच दिवसात सगळे मित्र, रोजचं वेळापत्रक, जगण्याचं कारण गमावलेलं असतं, आणि वर लाज. कधी तो गुरूला शिव्या देईल आणि तासाभरानं तिथल्या गाण्यांची आठवण काढून रडेल, दोन्ही खरं असतं, यातलं एक खोडू नका. एखादं वाक्य, एखादा वास, एखादी धून कानावर आली की परत तिथंच असल्यासारखं वाटतं, बाहेर पडलेले लोक याला फ्लोटिंग म्हणतात, ते हळूहळू कमी होतं. छोटे निर्णयसुद्धा जड जातात, काय घालू, काय खाऊ, कारण वर्षानुवर्षं ते दुसरं कुणीतरी ठरवत होतं. अशा वेळी तुम्ही ठरवून दिलंत तर काम पटकन होतं पण तुम्ही गुरूच्या जागी बसता, म्हणून उशीर झाला तरी त्यालाच ठरवू द्या. लगेच दुसऱ्या एखाद्या गुरूकडे, दुसऱ्या कडक शिस्तीच्या ग्रुपकडे ओढा वाटणंही नेहमीचं आहे, तेव्हाही पायरी तीनचेच प्रश्न. थेरपिस्ट शोधताना कंट्रोल करणाऱ्या नात्यांतून किंवा ग्रुपमधून आलेल्या लोकांबरोबर काम केलंय का हे आधी विचारा, नाहीतर पहिली काही सेशन्स थेरपिस्टलाच समजावण्यात जातात.

जे आतच जन्मले त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना परत जायला जुनं आयुष्यच नसतं, बाहेरचं जग त्यांनी फक्त वाईट म्हणून ऐकलेलं असतं, आईवडील अजून आत असतात आणि कदाचित बोलणंही टाकलेलं असतं. त्यांच्याशी श्रद्धेच्या गप्पा नंतर, आधी ओळखपत्र, बँकेचं खातं, डॉक्टरकडे एक पूर्ण तपासणी, दात आणि डोळ्यांसकट, शिक्षणाची कागदपत्रं किंवा ती नसतील तर परीक्षेला बाहेरून बसायची सोय, राहायला अशी जागा जिथं खोलीला आतून कडी लावता येते, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी जे ठरलेल्या वेळेला खरंच येतं.